खोबरेलावर चालणारा प्रिंटर

दादू भाटकरला सोसायटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी तो रोज कचेरीत येई. पगार नाही, खुर्ची नाही, पण मागच्या खोलीत लाइन प्रिंटर होता. मुंबईच्या कुठल्याशा बँकेच्या लिलावातून मच्छीमार सोसायटीने तो उचलून आणला, तेव्हापासून दादूशिवाय त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. वाडीत दादू तिघे, पण 'मशीनवाला दादू' म्हटलं की शेंबडं पोरही याचंच घर दाखवायचं. माणसाला मिरवायला एवढं पुरतं.

मशीन होतंही दांडगं. कपाटाएवढ्या पेटाऱ्यात एक लोखंडी पिंप गरगर फिरायचं. पिंपाच्या अंगावर उठावाची इंग्रजी अक्षरं, समोर ओळीने शंभरावर हातोड्या, आणि मधे कागद नि शाईची पट्टी. हवं ते अक्षर समोरून जाताना त्या जागेची हातोडी नेमकी हाणायची, आणि पापणी लवायच्या आत अख्खी ओळ छापून व्हायची. होड्यांच्या डिझेलच्या कोट्याची यादी छापायला लागली की धडधडाट थेट जेटीवर ऐकू जाई. मासळी विकणाऱ्या बायका म्हणत, "लागला गो दादूचा कारखाना!"

बसवायला आलेल्या इंजिनिअरने तेव्हा बजावलं होतं की मशीन एसीत ठेवा आणि कंपनीचंच तेल घाला. दादूने दोन्ही गोष्टी धुडकावल्या. "आपल्या माडाचा तेल काय वायट हाय? माजी आजी जनमभर केसांना लावीत होती, एक केस गळला नाय तिचा," असं म्हणून त्याने हातोड्यांना खोबरेल पाजायला सुरुवात केली. रत्नागिरीच्या उकाड्यात मशीन खरंच सुरळीत चाललं. मग काय, दादूचं नाक जे वर गेलं ते खाली आलंच नाही.

नव्या चेअरमनला, निलेश पावसकरला, मात्र ती जागा हवी होती. पुढच्या टेबलावर लेझर प्रिंटर आला होता, मग मागचं धूड कशाला पोसायचं? दादूने वार्षिक सभेत थयथयाट केला, तेव्हा तोडगा निघाला. मुंबईहून मोठे साहेब भेटीला यायचे होते. त्यांच्यासमोर मशीनने स्वागताचा मजकूर छापला, तर त्याला काचेचं दालन आणि वर दादूचा फोटो. नाही छापला, तर हातखंब्याच्या हितेशशेठचा भंगाराचा टेम्पो त्याच दिवशी दारात. दादूने आदल्या आठवड्यात चालवून पाहिलं, मशीन वाघासारखं गरजलं. त्याने फोटोही निवडून ठेवला.

पण साहेबांना उकाडा सोसत नाही, अशी बातमी निलेशने काढली. मागच्या खोलीत नवाकोरा एसी बसला, आणि भिंतीसुद्धा गार व्हाव्यात म्हणून आदल्या संध्याकाळपासून चालू राहिला. सकाळी दादू आत शिरला तो कुडकुडतच. मशीनचाही मान वाढला, म्हणून त्याला बरंच वाटलं.

साहेब आले, नारळ फुटला, दादूने कळ दाबली. पिंप फिरलं, कागद सरसर बाहेर आला. कोराच. दादूने पुन्हा कळ दाबली. पुन्हा कोरा. हातोडी एकही हलेना. निलेशने घाम नसलेलं कपाळ पुसलं आणि कोरा कागद तसाच साहेबांच्या हाती दिला.

साहेबांनी तो उलटासुलटा पाहिला. "वा! किती स्वच्छ काम आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादूने झाकण उघडून हातोड्यांवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरं लोण्यासारखं लागलं. आजीचं तेल थिजलं होतं.

"निलेश, एसी बंद कर. अर्ध्या घटकेत चालू हुईल," तो कुजबुजला.

"साहेबांसमोर एसी बंद? काका, डोकं ठिकाणावर आहे ना?"

साहेब सुरमई खायला गेले. जाण्यापूर्वी त्यांच्या साक्षीने ठरावही झाला: यंत्र निकामी, भंगारात द्यावे. साहेबांची गाडी वळली आणि निलेशने पहिलं काम केलं ते एसी बंद करण्याचं. वीजबिल काय साहेब भरणार होते?

दादू मशीनपाशीच बसून राहिला. त्याला रडू येत होतं. वैऱ्याने नाही, स्वतःच्याच शहाणपणाने मशीन मारलं होतं. मासळीची पाटी रिकामी करून त्याची बायको सावित्री आली. तिने त्याचं बोट पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आवो, पौषात बाटली थिजली की काय करताव आपण? उनात ठेवताव ना? मग ह्याला कशाला थंडीत कोंडलात?" तिने फटाफट खिडक्या उघडल्या. वैशाखाचा वारा भाट्याच्या खाडीवरून आत घुसला. दोघं घामाघूम होऊन वाट बघत बसली.

टेम्पो आला तेव्हा दादूने देवाचं नाव घेऊन कळ दाबली. आधी एक हातोडी आपटली, मग दहा, मग सगळ्याच. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. WELCOME, WELCOME, ओळीमागून ओळ, ज्यांच्यासाठी छापायचं ते साहेब केव्हाच गेलेले. दादूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो वेड्यासारखा हसत होता.

दारात हितेशशेठ कानावर हात ठेवून उभा होता. "मशीन चालू आहे की खराब?"

"खराब!" निलेश ओरडला.

"काय? ऐकू येत नाही!"

"खराब आहे हो! निकामी!" निलेशच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. मग तो दादूवर वळला. "काका, थांबवा ते! आधी थांबवा!"

"काय थांबवू?" दादूने तितक्याच जोरात विचारलं. "ह्या तर निकामी हाय. तूच लिवलास ना ठरावात?"

हितेशशेठने हमालांना मागे सारलं. चालत्या मशीनला हात घालून बोटं कोण गमावणार? कागद संपला की उचलू, म्हणाला, आणि पायरीवर बसला.

दादूने सावित्रीकडे पाहिलं. तिने कोपऱ्यातलं कागदाचं दुसरं खोकं पायाने पुढे सरकवलं.