अठरावं नाव

अल खफजीच्या त्या इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर उभं राहून "रफीक" अशी हाक मारली, की एकदम चार माणसं वळून बघायची. एक फरशी पुसणारा, एक जेवणाची गाडी ढकलणारा, एक चादरी बदलणारा, आणि चौथा कशाकरता ठेवला होता ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. चौघांपैकी एकाचंही नाव रफीक नव्हतं. अरबीत रफीक म्हणजे सोबती. शब्द चांगला आहे हो, पण तिथे ज्याचं नाव विचारायची गरज वाटत नाही, त्याच्यासाठीच तो वापरला जायचा.

या चौघांचा सुपरवायझर जलाल माखजनकर. संगमेश्वर तालुक्यातला, सौदीत एकोणीस वर्षं मुरलेला. कामाला वाघ, आणि मनाने मुळीच वाईट नाही. नवा आला तेव्हा त्यालाही लोक रफीकच म्हणायचे. पहिला आठवडाभर तो "माय नेम इज जलाल" असं ज्याला त्याला सांगत फिरला. मग थकला, मग सवय झाली, आणि गळ्यात सुपरवायझरचं कार्ड आलं तसा तोच इतरांना रफीक म्हणू लागला. आपलंही असंच होतं ना? जे आपल्याला टोचलं ते दुसऱ्यालाही टोचत असेल, हे खुर्ची मिळाली की आपण सोयीने विसरतो.

नऊ नंबरच्या खोलीत चार दिवसांपासून एक म्हातारा अमेरिकन होता. निवृत्त कर्नल लेव्हॉन ताश्जियान, वय एकोणऐंशी. टूरिस्ट व्हिसावर एकटाच खफजीला आला आणि हॉटेलच्या पायऱ्यांवर छाती धरून बसला. खफजीत येऊन हा बघणार काय, हे सगळ्या वॉर्डाला कोडं होतं. समुद्रातलं तेल आणि पलीकडे कुवेतची हद्द, खलास. दुसऱ्या दिवशी त्याला दम्मामच्या मोठ्या इस्पितळात हलवायचं होतं. तिथून त्याची मुलगी त्याला घरी नेणार होती.

दुपारी जलाल खोली तपासायला आला, तेव्हा फरशी पुसणारा नुकताच बाहेर पडत होता.

"या माणसाचं नाव काय?" कर्नलने इंग्रजीत विचारलं. "चार दिवस माझी खोली पुसतोय. विचारलं तर नुसता हसतो."

"रफीक," जलाल म्हणाला.

"ते त्याचं नाव आहे?"

जलालला हसू आलं. "नाव कसलं, सर. इथे सगळे रफीकच. हाक मारली की येतो, काम झालं."

"तुझ्या हाताखाली किती वर्षं आहे?"

"सहा."

"बस जरा."

आवाज म्हातारा होता, पण त्याने बत्तीस वर्षं हुकूम सोडले होते. जलाल निमूट बसला. कर्नलने उशीखालून एक जुनी वही काढली.

"मी फिरायला नाही आलो," तो म्हणाला. "माफी मागायला आलोय. पण कुणाची, ते मला नीट माहीत नाही."

मग तो बोलत राहिला. कॅलिफोर्नियात द्राक्षं पिकवणाऱ्या आर्मेनियन घरात तो जन्मला. पहिल्या महायुद्धात आर्मेनियन लोकांची कत्तल झाली, तेव्हा त्याची आजी लहान होती. तिला भावंडांसकट सीरियाच्या वाळवंटात पायी हाकललं. पाच भावंडं वाटेतच गेली. एकाचीही कबर नाही. आजी रोज जेवणाआधी नातवाकडून ती पाच नावं म्हणवून घ्यायची आणि मगच ताट पुढे सरकवायची. एकोणिसाव्या वर्षी तो सैन्यात गेला. व्हिएतनाममध्ये जळत्या गाडीतून त्याने तीन जवानांना ओढून काढलं, त्याबद्दल शौर्यपदक मिळालं. दुसऱ्यांदा तिथेच गेला, तेव्हा स्वतःच्या मांडीत गोळी घेऊन परतला. पुढे जर्मनी, कोरिया, शेवटी आखातातलं युद्ध. छातीवर जागा उरू नये इतकी पदकं झाली. पण आजीची शिस्त त्याने सोडली नाही. त्याच्या हाताखाली जो मेला, त्याचं पूर्ण नाव, गाव आणि आईचं नाव या वहीत होतं. अशी सतरा नावं.

"आणि हे अठरावं," कर्नल म्हणाला. "एक्याण्णव साली इथे पलीकडच्याच रस्त्यावर माझी तुकडी होती. पाणी पोचवायला ठेकेदाराने ट्रक दिले होते. त्यातला एक ड्रायव्हर दोन महिने रोज सकाळी यायचा. मी त्याला रफीक म्हणायचो. मला वाटायचं, तेच त्याचं नाव. एके दिवशी एका सौदी अधिकाऱ्याने सांगितलं, की ते नावच नव्हे. मला इतकी लाज वाटली, की तसाच धावत गेलो. ट्रक निघाला होता. मी खालून ओरडलो, अरे, तुझं खरं नाव काय? त्याने खिडकीतून हात काढला, हसला, आणि सांगितलं."

"मग?"

"ट्रकवर तोफेचा गोळा पडला. काही उरलं नाही. ठेकेदाराच्या यादीत फक्त ट्रकचा नंबर होता." कर्नलने वही जलालपुढे धरली. "आमच्या चर्चमध्ये दरवर्षी मृतांची नावं वाचतात. चौतीस वर्षं मी त्याचंही वाचायला लावतोय. किती वकिलातींना पत्रं लिहिली. हे नाव कुठल्या देशातलं, तेच कुणाला सांगता येत नाही. तू बघ."

जलालने वही हातात घेतली. शेवटच्या ओळीत इंग्रजी अक्षरांत नाव आणि आडनाव होतं. कर्नल ते "येटो हान" असं वाचत होता. जलालने ते मनात, आपल्या जिभेने वाचलं, आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

येतो हां!

तो "आलोच, सर" म्हणून बाहेर सटकला. काउंटरवर साताऱ्याची अर्चना सिस्टर होती. त्याने तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे तो निघताना आपण म्हणतो तसं म्हणाला," अर्चना हळूच म्हणाली. "आणि यांनी ते नाव म्हणून लिहून घेतलं. अगं बाई." मग ती सावरली. "जलालभाई, तुम्ही काही बोलू नका. त्यांचं हृदय थकलंय. उद्या ते जातील. एवढी वर्षं जपलेलं नाव काढून घेऊन काय मिळवणार तुम्ही?"

"नाव नाहीच ना ते, सिस्टर. तो माणूस आपल्याकडचा होता. त्याच्या घरी कुणीतरी वाट बघून बघून थकलं असेल. आणि हा बिचारा भलत्याच शब्दाला हात जोडतोय. त्याने मला विचारलंय. मी खोटं कसं सांगू?"

अर्चनाने हातातली फाईल मिटली. "मग नीट सांगा. मी दाराशी उभी राहते."

जलालने खुर्ची पलंगाजवळ ओढली. मराठी माणूस घरातून निघताना "जातो" म्हणत नाही, जाणं अशुभ वाटतं म्हणून "येतो" म्हणतो, हे त्याने सावकाश समजावून सांगितलं. कर्नलने वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे त्याने माझा प्रश्न ऐकलाच नव्हता?"

"इंजिनाच्या आवाजात नसेल ऐकू आला, सर."

"आणि तो मला म्हणाला, परत येतो."

"हो, सर."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याने ते पुसलं नाही. "हिंदू होता की मुसलमान? मी कुठली प्रार्थना करू?"

"ते या शब्दावरून नाही कळत," जलाल म्हणाला. "आमच्याकडे दोघंही असंच म्हणतात."

कर्नलने पेन मागितलं. ती ओळ त्याने खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं, ‘नाव मी विचारलं नाही.’

"दोन महिने मी त्याच्या हातचं पाणी प्यायलो," तो म्हणाला. "साठ सकाळी विचारता आलं असतं. मी एकसष्टाव्या दिवशी विचारलं. शत्रूने त्याला मारलं हे खरं, पण त्याचं नाव शत्रूने नाही पुसलं. ते मी केलं, आणि तेही त्याला सोबती म्हणत म्हणत. तुझ्याजवळ अजून सकाळी शिल्लक आहेत, जलाल."

जलाल बाहेर आला तेव्हा त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं. व्हरांड्याच्या टोकाला तो फरशी पुसणारा वाकून काम करत होता. पन्नाशीचा बांगलादेशी माणूस, सहा वर्षं रोज डोळ्यांसमोर. जलालच्या तोंडात जुनी हाक आली होती, ती त्याने गिळली. तो जवळ गेला आणि हिंदीत म्हणाला, "भाई, आपका नाम क्या है?"

माणूस ताठ उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्या इस्पितळात सफाईवाल्याचं नाव फक्त एकाच प्रसंगी विचारलं जायचं, तक्रारीचा फॉर्म भरताना.

"साब," तो म्हणाला, "मेरा क्या गलती हुआ?"

"आपकी नहीं," जलाल म्हणाला. "गलती मेरी है."

मग कुठे त्या माणसाने नाव सांगितलं. हाशिर. गाव नोआखाली. जलालने ते दोनदा म्हणून बघितलं. पण त्या माणसाच्या डोळ्यांतली भीती काही लगेच गेली नाही, आणि ती जायला पुढे कित्येक दिवस लागले.

मित्रहो, आपल्या दाराशी, जिन्यात, ऑफिसात असा एक तरी माणूस असतोच. त्याच्या हातचं आपण रोज घेतो आणि त्याला भाऊ, मामा, काका म्हणून मोकळे होतो. आजच त्याचं नाव विचारा. आणि विचारल्यावर तो घाबरला, तर आपण किती उशीर केला आहे, ते तिथेच ओळखा.