जोडीला भिंत

सुट्टीत लेक ताडमाड वाढली. तिच्या ट्रॅकपँटची खालची शिवण आईने दोनदा उसवून सोडली.

सीझनच्या आधीचं व्हॉलीबॉलचं शिबिर लागलं. पहिल्याच दिवशी बोटांना खडू लावून भिंतीपाशी उंच उडी. लेकीचा ठसा सगळ्यांच्या वर उमटला. "जिराफ, जिराफ!" करत पोरींनी हॉल डोक्यावर घेतला. तिची सरावातली जोडीदार, बुटकी चिमणी, तर गळ्यातच पडली.

कोचमॅडमनी मात्र टेप काढली. "आता नुसती उभी राहून हात वर कर बघू." दोन खुणांमधलं अंतर मोजून त्यांनी ओठ मुडपले. "उंची वाढलीय, उडी नाही. गेल्या वर्षीपेक्षा कमीच भरली. हाडं पुढे पळाली गं, स्नायू मागे राहिले. पायांत ताकद येईपर्यंत नेटवर उड्या बंद. बैठक मारायची आणि उठताना जड चेंडू जोरात फेकायचा. उडी भरली, की टीममध्ये."

"आणि माझी जोडी?"

"चिमणीला दुसरी देते. तुला भिंत आहे की! ती दमत नाही, गप्पाही मारत नाही."

तेव्हापासून नेटपाशी हशा नि टाळ्या, आणि कोपऱ्यात ही एकटी. धप्प. चेंडू पडायचा, ही वाकून उचलायची. धप्प. चिमणी पाणी प्यायची तीसुद्धा पलीकडच्या नळावर. "तू येत जाऊ नकोस," असं लेकीने बजावूनही आई दाराच्या जाळीआडून बघायची.

शेवटी तिला राहवलं नाही. चपला काढून ती आत आली. "माझ्याकडे फेक."

"तू? कंबर धरेल तुझी."

"धरू दे."

पहिल्याच फेकीला आई धपकन खाली बसली. लेक खळखळून हसली, किती दिवसांनी! पण नेटकडे नजर गेली आणि हसू तिथंच विझलं. मग चेंडू येत राहिला, ओंजळीत अंडं ठेवावं तसा अलगद. आईला बरं वाटत होतं. मग तिचं लक्ष लेकीच्या गुडघ्यांकडे गेलं. ते वाकतच नव्हते. आईला लागेल म्हणून पोर ताकदच लावत नव्हती.

आईने चेंडू तिच्या हातात दिला. "भिंतच बरी गं तुला."

"रागावलीस?"

"मला काय झालंय रागवायला!"

चपला घालताना पाठीमागे आवाज आला. धप्प. मघापेक्षा जोरात. आई वळली नाही. वळली असती, तर पुढची फेक पुन्हा अलगद झाली असती.