इतर : दोनशे बारा

तळ्याकाठचं ते जुनं झाड सोमवारी पडणार होतं. गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. वाचवायचं तर शनिवारी येणाऱ्या वनखात्याच्या साहेबांना पटवायचं, एवढंच मोजणीवालीच्या हातात होतं. तीन वर्षं ती इथले पाणपक्षी मोजत होती. यंदा झोळीत तान्ही लेक, आणि मागे दुपट्यांची पिशवी घेऊन सासूबाई.

“छप्पन्न पाणकावळे, साहेब. घरटी एकोणीस.”

साहेबांनी वही चाळली. “पाणकावळे रगड आहेत हो. त्यांना काही धोका नाही. त्यांच्यासाठी झाड राखायला कुणी तयार होणार नाही.” तिचा चेहरा पडला. तेवढ्यात त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. “हे ‘इतर : दोनशे बारा’ कोण?”

“वटवाघळं. वही पक्ष्यांची ना, मग त्यांना घालू कुठे?”

“तीन वर्षं ‘इतर’?”

“दर महिन्याला. न चुकता.”

“मी हिला कधीची सांगतेय,” सासूबाई म्हणाल्या, “त्या उलट्या भुतांना वहीत घेऊ नकोस. ना चोच, ना अंडी, नुसती किचकिच.”

साहेबांनी दुर्बीण झाडावर रोखली आणि एकेक फांदी न्याहाळली. “ही जात मी आठ वर्षं शोधतोय,” ते अखेर म्हणाले. “संकटातल्या प्राण्यांच्या यादीत आहे. पण ती इथे वितात याचा पुरावा हवा. अंगावर पिणारं एक पिल्लू दिसलं, तर आजच कागद काढतो.”

तासभर माना दुखेपर्यंत शोधलं. पंखांच्या घड्यांत काही दिसेना. शेवटी लेकीने टाहो फोडला. मोजणीवाली बुंध्याला टेकून बसली, पदर सारखा करून तिला पाजायला घेतलं. साहेबांनी झटकन पाठ फिरवली.

पाजता पाजता तिची नजर वर गेली. खालच्याच फांदीवर एकीने पंख जरासा उघडला होता. काखेशी एक इवलंसं डोकं चुटूचुटू पीत होतं.

“साहेब, इकडे बघा.”

“असू द्या ताई, होऊ द्या तुमचं सावकाश,” साहेब तळ्याकडे बघत म्हणाले.

“अहो, माझ्याकडे नाही. वर.”

साहेबांनी वर पाहिलं, आणि तिथेच गुडघ्यावर वही टेकून लिहायला लागले. ‘इतर’ खोडलं, ‘सस्तन’ लिहिलं, पुढे दोनशे बाराचा आकडा मांडला.

सासूबाई कधीच्या फांदीखाली जाऊन उभ्या होत्या. आता त्यांनी वहीत डोकावलं.

“दोनशे तेरा करा,” त्या म्हणाल्या. “तान्हं धरायचं राहिलं.”