हाक मारण्यापुरते नाव

सकाळचे ऊन आधी खिडकीच्या चौकटीवर थबकले, मग दबकत टेबलावर उतरले. कीबोर्डवरची धूळ, कालच्या कपाने उमटवलेले वर्तुळ, वायरींचा गुंता असे एकेक न्याहाळत ते कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या बोटांपर्यंत आले. त्याने हात मागे घेतला नाही. कानांवर हेडफोन होते. कुणी बोलायला येऊ नये एवढ्यासाठीच, असे सारे समजत.

फंक्शनना, म्हणजे प्रोग्रामच्या छोट्या-छोट्या तुकड्यांना, नावे न देण्याची या कचेरीत जुनी रीत होती. त्यामुळे तिकीटविक्रीचा प्रोग्राम कोसळला, की कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली याची उतरंड पडद्यावर उमटे आणि तीत ओळीमागून ओळ एकच शब्द असे: अनामिक. चूक नेमकी कुठे, ते कुणालाच कळत नसे. महिनोन्‌महिने खपून त्याने प्रत्येक फंक्शनला त्याच्या कोडमधल्या जागेवरून आपोआप नाव मिळेल अशी सोय केली. पण पहिल्या खेपेस आगीतून फुफाट्यात! एकेक नाव चार-चार ओळींचे झाले.

"हे नाव आहे की घरचा पत्ता, मौनीबाबा?" गटाची प्रमुख, जिला सारे ताई म्हणत, खळखळून हसली. "आठवडा देते. नाही जमलं तर काढून टाकू सगळं."

मग तो कोड सोडून माणसे ऐकू लागला. वयाने सर्वांत मोठे काका ताईला ओरडून सांगत, "अगं, ते परताव्यातलं, बेरजेचं!" दोन शब्दांत त्यांचे भागत होते. त्यानेही प्रत्येक नावाचे शेवटचे दोनच शब्द ठेवले.

आज मुदत संपत होती. गर्दी वाढताच प्रोग्राम कोसळला. सवयीने सर्वांनी कपाळाला हात लावला. ताईने पडद्याकडे पाहिले मात्र, आणि तिचा आवाज चढला.

"अरे, हे बघा! तिकीट रद्द, परतावा बेरीज... काका, तुमच्या बेरजेत रिकामी यादी शिरलीय!"

"शिरणारच. दार मीच उघडं टाकलं होतं," म्हणत काकांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. प्रोग्राम पुन्हा धावू लागला. "पोरानं मैदान मारलं गं!"

टाळ्या पडल्या. त्याचे कान तापले.

"हे आता कायमचं," ताई म्हणाली. "चल, चहाला. आणि ते कानातलं काढ. एवढं कुठलं गाणं ऐकत असतोस?"

त्याने हेडफोन उतरवले. त्यांत गाणे कधीच नसे. बोलायला तो बुजे, पण सगळ्यांचे बोलणे कानांवर पडावे म्हणून ते बंदच असत; त्याला एकटे राहणे आवडत नव्हते.