तीन गाठींची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. नुसतं खुर्ची म्हटलं की लोकांना निवडणुका आठवतात, म्हणून आधीच सांगते, ती मी नव्हे. मला दोन मोठी चाकं आहेत, दोन लहान आहेत, आणि पाय टेकायला दोन पट्ट्या आहेत. मी एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना इकडून तिकडे नेते. आणि मला शाळेतली पोरं मुळीच आवडत नाहीत. हेही आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर शेवटी मी विरघळेन अशी आशा लावून बसाल.

माझा जन्म कारखान्यातला. नळ्या वाकवल्या, निळं रेक्झिन ताणून बसवलं, बोल्ट आवळले, आणि एका दुपारीच आम्ही आठ जणी तयार झालो. आठही हुबेहूब सारख्या. फरक एवढाच, की माझा डावा ब्रेक बसवणारा माणूस तेव्हा शेजाऱ्याशी गप्पा मारत होता. त्यामुळे तो ब्रेक पहिल्यांदा दाबला की नुसता ‘टक्’ करतो आणि दुसऱ्यांदा दाबला की धरतो. तपासणाऱ्यानं टक् ऐकलं आणि पुढच्या खुर्चीकडे गेला.

आम्हाला कुणीतरी या घराला भेट दिलं. देणाऱ्या गृहस्थांनी फोटोसाठी मला चार पावलं ढकललं. माझ्यावर तेव्हा कुणी बसलेलंही नव्हतं. फोटो निघाला, गृहस्थ गेले, आणि मग ज्यांना खरंच बसायचं होतं ती माणसं आली.

माझ्या वाट्याला शिवणबाई आल्या. आयुष्यभर शिवणकाम केलेलं, म्हणून सगळं घर त्यांना शिवणबाई म्हणतं. डोळ्यांनी दगा दिलाय, आता त्यांना फक्त उजेड कुठून येतो एवढं कळतं. पण हात असे, की कपड्यावरून बोट फिरवलं तर कुठली शिवण उसवणार आहे ते सांगतील. जीभही कात्रीसारखीच. आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

माझा ब्रेक त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखला. इथे काम करणाऱ्या मावशींना सांगितला, मावशींनी तो तक्रारीच्या वहीत लिहिला, आणि ती वही मॅनेजर साहेबांच्या टेबलाच्या खणात जाऊन झोपली. दुरुस्तीला कुणी आलं नाही. तेव्हा बाईंनी जुन्या परकराची एक पट्टी फाडली आणि माझ्या उजव्या हॅण्डलला तीन गाठी मारून बांधली. घरात सगळ्यांना बजावलं की तीन गाठींच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, तिचा ब्रेक दोनदा दाबावा लागतो.

ते पाहून बाकीच्यांनीही आपापल्या खुणा केल्या. एकीनं बटण ओवलं, एकानं बुटाची नाडी बांधली, बस चालवून निवृत्त झालेल्या ड्रायव्हरकाकांनी आपला जुना मोजा अडकवला. आठ सारख्या खुर्च्या आणि आठ म्हातारी माणसं, कुणाची कुठली हे हाताला कळलं पाहिजे ना. दिसायला आम्ही गबाळ्या झालो, ते खरं. पण दोन वर्षांत एकदाही अदलाबदल झाली नाही.

बाई रोज सकाळी मला स्वतः हाकत नेत. मदतीला कुणी हात लावला तर हातावर चापट बसायची. खोलीच्या दारातून सोळा ढकलण्या सरळ, मग डावीकडे, मग हळूहळू उतार, आणि उताराच्या खाली कपडे धुवायची खोली. तिथे इस्त्रीला जाण्याआधीचे कपडे असत. बाई माझा ब्रेक टक्, टक् असा दोनदा दाबत आणि सगळ्या घराची तुटलेली बटणं चाचपून चाचपून लावत. सुईत दोरा मावशी ओवून द्यायच्या, बाकी सगळं त्यांचं. दहा वाजता कपडे इस्त्रीला गेले की त्यांचा दिवस भरला. एरवी कुरकुरणारी ही बाई त्या दोन तासांत गुणगुणायची, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि ती पोरं आली. चौदा-पंधरा वर्षांची सहा जणं, अंगात पिवळे टी-शर्ट, गळ्यात पिवळ्या फितीला लटकवलेली ओळखपत्रं. त्यांच्या शाळेनं सुट्टीत चाळीस तास समाजसेवा करायला सांगितली होती. चाळीस तासांचं प्रमाणपत्र नसेल तर पुढच्या वर्गात प्रवेश मिळणार नव्हता. त्यामुळे आल्या दिवसापासून पोरांचं लक्ष माणसांकडे कमी आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे जास्त.

प्रत्येक म्हातारीला आजी, प्रत्येक म्हाताऱ्याला आजोबा. बहिऱ्या नसलेल्यांशीही ओरडून बोलायचं. पाणी हवं का, पाणी हवं का, असं एका सकाळी शिवणबाईंना सहा वेळा विचारलं. सातव्यांदा विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या की मी काय कुंडी आहे. पोरं हसली, कारण त्यांना वाटलं आजी किती गोड आहेत.

त्यांच्यात एक दोन वेण्यांची मुलगी होती. कामाला चपळ, आणि कुणी सांगायच्या आत काम करून मोकळी होणारी. अशा माणसांपासून देव वाचवो.

एका गुरुवारी मावशींची सुट्टी होती. पोरांनी ठरवलं की आज खुर्च्या चकाचक करायच्या. सगळ्या म्हाताऱ्यांना दिवाणखान्यातल्या बाकांवर बसवलं, तिघं त्यांना गाणी ऐकवायला थांबली आणि तिघांनी आम्हाला मागच्या अंगणात नेऊन साबणानं धुतलं. धुतलं ते धुतलं. पण दोन वेण्यांच्या मुलीला माझ्या हॅण्डलवरची मळकी पट्टी खुपली. तिनं दप्तरातून कात्री काढली, कागद कापायची, बोथट. चार वेळा चावून चावून तिनं बाईंची पट्टी कापली. मग नाडी कापली, बटण तोडलं, मोजा तर चिमटीत धरून कचऱ्यात टाकला. मी ओरडू शकले असते तर सगळी गल्ली गोळा केली असती.

आठही जणी पुन्हा हुबेहूब सारख्या झालो.

“आता कशा छान दिसतायत,” ती म्हणाली आणि फोटो काढायची टूम निघाली. उताराच्या वरच्या टोकाला ऊन चांगलं होतं. माझ्यावर ड्रायव्हरकाकांना बसवलं. काका हॅण्डल चाचपत होते, माझा मोजा कुठे, माझा मोजा कुठे म्हणत होते. एका मुलानं माझा डावा ब्रेक दाबला, टक् ऐकलं आणि फोटोत उभं राहायला धावला.

मी थांबायचा प्रयत्न केला, हे कुणी मानणार नाही. उतार लागला आणि मी निघाले. खालच्या भिंतीवर आदळले, काका पुढे पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. पस्तीस वर्षं बस चालवली, एकदा ब्रेक फेल नाही झाला, आणि शेवटी या तिरडीनं पाडलं, असं ते डॉक्टरांना दोन दोनदा सांगत होते. ते तिरडी म्हणाले त्याचा मला राग नाही. माझ्यावर बसलेला माणूस पडला याची लाज आजही वाटते.

मॅनेजर साहेबांनी चौकशी केली. खुर्ची कुणाची? शिवणबाईंची. ब्रेक खराब आहे हे त्यांना माहीत होतं? होतं. झालं, निकाल लागला. खराब खुर्ची वापरून बाईंनी सगळ्यांचा जीव धोक्यात घातला. उद्यापासून कुणीही स्वतः खुर्ची चालवायची नाही, कर्मचारी नेतील, सकाळी अकराला एकदा आणि संध्याकाळी एकदा. अकरा वाजता कपडे धुवायच्या खोलीत एक रुमालसुद्धा उरलेला नसतो. हे बाईंनी सांगितलं, पण साहेब म्हणाले की आता या वयात आराम करा.

मला ऑफिसच्या बाहेर उभं केलं होतं, अडगळीच्या खोलीत न्यायला. बाई शेजारीच होत्या, दुसऱ्या खुर्चीत. त्यांनी हात लांबवला, माझं हॅण्डल धरलं. स्क्रूत अडकून पट्टीचं एक टोक राहिलं होतं. ते त्यांनी बोटांत घेऊन चोळलं. तेवढ्यात दोन वेण्यांची मुलगी पाण्याचा पेला घेऊन आली.

“हे सुटलेलं नाही, कापलंय,” बाई म्हणाल्या. “बोथट कात्रीनं. आणि डाव्या हातानं, तिरपं गेलंय बघ. तू मला पेला नेहमी डाव्या हातानं देतेस.”

मुलगी पुटपुटली, “आजी, सॉरी. ते फार मळलं होतं.”

“मी तुझी आजी नाही. आत जा आणि साहेबांना सांग, की ती खूण होती आणि ती मी न विचारता कापली.”

मुलगी म्हणाली की तिचे अठ्ठावीस तास झालेत, आता सांगितलं तर प्रमाणपत्र देणार नाहीत, प्रवेश अडकेल, बाबा घरात घेणार नाहीत.

“तुझे तास जातील,” बाई म्हणाल्या. “माझी सकाळ गेली.”

मुलगी आत गेली नाही. त्या दिवसापासून बाईंनी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. तिची चाहूल लागली की तोंड फिरवायच्या. मला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

मी अडगळीच्या खोलीत गेले. माझ्या पाठीवर ‘खराब’ असा कागद चिकटवला. झाडू, बादल्या आणि मी. मावशी झाडू न्यायला आल्या की स्वतःशी बोलायच्या, त्यावरून मला कळायचं. बाई सकाळी सातला तयार होऊन बसतात. अकरापर्यंत तशाच बसतात. साडीच्या पदराचं टोक उसवतात आणि हातशिलाईनं परत घालतात, परत उसवतात. गुणगुणणं बंद.

एकदा ती मुलगी बादली न्यायला आली. दार लोटून घेतलं आणि माझ्यावर बसली. ब्रेक एकदा दाबला, टक्. पाय उचलले, तशी मी मागे सरकून फळीवर आदळले आणि एक बादली तिच्या खांद्यावर पडली. मी मुद्दाम जास्तच जोरात गेले. तिनं पुन्हा दाबला, टक्, टक्. मी थांबले. मग तिनं डोळे मिटले आणि मला दारापर्यंत न्यायचा प्रयत्न केला. तीन हात जागा, तरी नडगी फोडून घेतली. नंतर बराच वेळ ती हॅण्डलचा स्क्रू नखानं खरवडत बसली होती. रडली असेल. मी लक्ष दिलं नाही.

शेवटचा दिवस आला. दिवाणखान्यात समारंभ. पोरांचे आईवडील आले होते, शाळेच्या बाई आल्या होत्या. मला बाहेर काढलं ते पाण्याच्या बाटल्यांचे खोके वाहायला, आणि खोक्यांसकट कोपऱ्यात उभं केलं. सगळे म्हातारे रांगेत बसवलेले, शिवणबाई टोकाला. साहेबांनी सेवाभावावर भाषण केलं. मग नावं पुकारली, प्रमाणपत्रं वाटली, टाळ्या झाल्या.

दोन वेण्यांच्या मुलीची पाळी आली. साहेबांनी प्रमाणपत्र पुढे केलं. तिनं हात पुढे केला नाही.

“खुर्च्यांच्या खुणा मी कापल्या,” ती म्हणाली. मागच्या रांगेलाही ऐकू गेलं. “त्या घाण वाटल्या म्हणून. कुणालाच विचारलं नाही. त्या असत्या तर काका पडले नसते. शिवणबाईंची काहीच चूक नव्हती.”

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. साहेब हसत हसत म्हणाले की आपण यावर नंतर बोलू, आणि तिचं प्रमाणपत्र गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं. तिच्या बाबांनी मान खाली घातली.

ती माझ्याकडे आली. बाटल्यांचे खोके एकेक करून खाली ठेवले, पाठीवरचा कागद फाडला आणि मला ढकलत बाईंच्या पुढ्यात नेलं. साहेब म्हणाले की ती खुर्ची खराब आहे.

“खराब नाही. ब्रेक दोनदा दाबावा लागतो,” बाई म्हणाल्या. “दोन वर्षांपूर्वी तुमच्या वहीत लिहून दिलंय.”

“मीच लिहिलं होतं, साहेब,” मावशी मागून म्हणाल्या. “वही आणू का?”

साहेबांनी पाहुण्यांकडे पाहिलं आणि वही नको म्हणून सांगितलं.

बाईंनी माझं हॅण्डल चाचपलं. मोकळं होतं. मुलीनं गळ्यातली पिवळी फीत काढली, ओळखपत्र खिशात टाकलं आणि फीत माझ्या हॅण्डलला बांधली. तीन गाठी. बाईंनी एकेक गाठ बोटांनी दाबून पाहिली.

“मधली सैल आहे. सोड. परत बांध.”

तिनं सोडली, परत बांधली. बाईंनी पुन्हा पाहिली आणि शाबास वगैरे काही म्हणाल्या नाहीत. मावशींच्या आधारानं त्या माझ्यावर बसल्या, ब्रेक सोडला आणि सगळ्या पाहुण्यांच्या मधून, साहेबांच्या बुटांना चाक लागता लागता चुकवत, स्वतः दाराबाहेर पडल्या. आडवं यायची कुणाची छाती झाली नाही.

तो नियम पुढे कुणी रद्द केला नाही. दुसऱ्या सकाळपासून तो फक्त कुणी पाळला नाही. ड्रायव्हरकाकांचं मनगट जुळलंय, आता त्यांनी नवा मोजा बांधलाय. त्या मुलीला प्रमाणपत्र मिळालं की नाही, मला ठाऊक नाही. ती परत आली नाही. येऊन उगाच गळ्यात पडली नाही, हे बरंच केलं.

माझं रेक्झिन आता कोपऱ्यात फाटलंय, बाईंनी ते टाचून दिलंय. पिवळी फीत मळून काळी पडली आहे. आज पुन्हा सुट्टी लागली, आणि फाटकात नवी पोरं उतरताना दिसतायत, या वर्षी टी-शर्ट हिरवे. पोरांनो, यायचं तर या, नाही आलात तरी आमचं अडणार नाही. फक्त कशालाही हात लावण्याआधी ज्याचं आहे त्याला विचारा, मळकं असलं तरी विचारा.

त्या मुलीला मी माफ केलेलं नाही, आणि बाईंनीही नाही. पण रोज सकाळी निघताना बाई तीन गाठींवरून बोट फिरवतात आणि मधलीवर जरा जास्त वेळ थांबतात. ती गाठ वर्षभरात एकदाही सैल झालेली नाही.