गणसंख्येअभावी तहकूब

श्रीरंग उपासनी हसला की चारुदत्त खांबेट्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हा रेल्वेतला इंजिनियर झाशीहून बदलून लखनऊला आला त्याला वर्ष झालं नव्हतं, आणि साऱ्या मराठी मंडळाचा लाडका होऊन बसला होता! बायका त्याला भाऊजी म्हणत, म्हातारे पाठीवर थाप मारत. ते एक वेळ चाललं असतं हो, पण सुचित्रासुद्धा? चारुदत्तांची लग्नाची बायको भात वाढता वाढता म्हणाली, "श्रीरंगभाऊजी किती मन लावून ऐकतात नाही, कुणाचंही!" त्या दिवशी ते अर्ध्या ताटावरून उठले.

चारुदत्त युनिव्हर्सिटीत राज्यशास्त्र शिकवत आणि मंडळाचे चिटणीसही तेच होते. विधानसभेच्या गॅलरीत बसून कामकाज बघणं हा त्यांचा अभ्यासही आणि शौकही. वर्गात ते ठासून सांगत, "बहुमत कुणाचं हे मोजत बसू नका. सभागृहात आज काय निघणार आणि कितव्या नंबरावर निघणार, हे ठरवतो तो खरा राजा. नको असलेलं विधेयक पाडायला मतं कशाला हवीत? यादीच्या तळाशी टाका, वेळ आपोआप संपतो."

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत मंडळाची वार्षिक सभा ठरली आणि श्रीरंगकडून एक विषय आला. मंडळानं मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग काढावा आणि तो सुचित्रा खांबेटे, एम.ए. (मराठी), यांनी चालवावा. गरज होती, खोटं कशाला बोला. खांबेट्यांच्याच नयनाला हाक मारली की "हाँ पापा, आती हूँ" असं उत्तर यायचं. पण चारुदत्तांना त्यात ना मराठी दिसली, ना मुलं. आपल्या बायकोचं नाव त्या माणसाच्या अक्षरात लिहिलंय, एवढंच दिसलं. मेल्याची हिंमत बघा! तिचं मराठीत एम.ए. झालंय हे त्याला सांगितलं कुणी? कधी? कुठे बसून?

आठ दिवस आधी लेखी आलेला विषय चिटणीसाला नाकारता येत नव्हता. मग त्यांनी विषयपत्रिका अशी लावली की एखाद्या मुरलेल्या मंत्र्यानं टाळी द्यावी. आधी हिशेब, मग गणपतीच्या मांडवाची जागा, मग फाटक्या सतरंज्या, मग तिळगूळ शनिवारी की रविवारी. यावर आपली माणसं तासन्‌तास भांडतात हे त्यांना पक्कं ठाऊक. मग वर्ग. त्याखाली फक्त नव्या कार्यकारिणीची निवड. तिला कधी मिनिटही लागत नसे. भुकेजलेली माणसं "तेच राहू द्या" म्हणत चपला शोधायला लागत.

सगळं मनासारखं झालं. सतरंज्यांवरच अंधार पडला. धुकं उतरलं तसे चिनहटकडचे उठले, छावणीतले स्कूटरींना किका मारायला गेले. श्रीरंग घड्याळाकडे बघत होता आणि चारुदत्त श्रीरंगकडे. मधेच सुचित्रानं मागे वळून श्रीरंगला काहीतरी खूण केली. बस्स! वर्गाचा विषय पुकारताच चारुदत्त ताडकन उभे राहिले.

"अध्यक्षमहाराज, गणसंख्या नाही."

ठरावीक डोकी हजर नसली की सभा पुढे चालत नाही. अध्यक्ष राजारामपंत डोंगऱ्यांनी डोकी मोजली, नाराजीनं मान हलवली आणि सभा तहकूब केली. श्रीरंग पडल्या चेहऱ्यानं बाहेर निघून गेला. चारुदत्तांना असं गार वाटलं म्हणून सांगू! सुचित्रा कपबशा आवरत होती. तिला "ये मागून" म्हणून ते शीळ घालत घरी आले.

पण ती येईना. शीळ केव्हाच थांबली. श्रीरंगही तेव्हाच निघाला होता. एकटाच निघाला, की बाहेर कुठे थांबला? ते फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. "पापा, मम्मी कहाँ है?" नयनानं विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

शेवटी सुचित्रा आली. थंडीनं तिचे गाल लाल झाले होते.

"कुणाबरोबर होतीस?"

"राजारामपंतांनी सोडलं."

"आणि तो?"

"कोण, श्रीरंगभाऊजी? त्यांना ड्यूटी होती. तुमच्या देखतच नाही का गेले?" तिनं शाल काढली. "वर्ग मंजूर झाला."

"कसा होईल? सभा तहकूब झाली!"

"अहो, तहकूब सभा अर्ध्या तासानं त्याच जागी भरते आणि तिला गणसंख्या लागत नाही. नोटिशीच्या शेवटी दरवर्षी तुम्हीच लिहिता ना?"

लिहीत होते. पत्राखाली 'कळावे' लिहावं तसं, न वाचता लिहीत होते.

"त्यानंच शिकवलं असेल तुला!" ते ओरडले. "विषयही त्याचाच!"

आता मात्र सुचित्रा चिडली. "विषय माझा होता. दिवाळीपासून तुमच्या कानीकपाळी ओरडतेय, तुम्ही पेपरातून मान वर केली नाहीत. म्हणून त्यांना म्हटलं, तुमच्या नावानं द्या. माझ्या नावानं दिला तर घरातल्या घरातच जिरेल."

 चारुदत्त इतके दिवस ज्याच्यावर जळत होते तो नुसता पोस्टमन निघाला. आणि एका छपराखाली राहून बायकोला पोस्टमन शोधावा लागला, हे त्याहून झोंबलं.

मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. आणखी एक विषय ते तिथंच टाकून आले होते.

"आणि निवड? 'तेच राहू द्या' म्हणाले ना सगळे?"

"तुम्ही नव्हतात ना तिथं. राजारामपंतांनी माझं नाव सुचवलं. चिटणीस मी आहे."

"मला न विचारता? अगं, यावर आपण बोलायला हवं!"

"बोलू की," सुचित्रा पानं घेता घेता म्हणाली. "आठ दिवस आधी लेखी द्या. यादीत बसतंय का बघते."