माझ्या सवतीची अक्षरं

मित्रांनो, मी एक जुनी सायक्लोस्टाईल मशीन आहे. एका पानाची शेकडो पानं करणं हा माझा धंदा. माझ्याबद्दल लोक तुम्हाला सांगतील की ती काळी आहे आणि हात लावणाऱ्यालाही काळं करते. आणखी एक गोष्ट मीच सांगून टाकते, म्हणजे ती दुसऱ्याकडून कळायला नको. मी मत्सरी आहे. शाळेत तुम्ही छत्रीची, फळ्याची, नदीची आत्मवृत्तं लिहिली असतील. सगळी कशी गुणी आणि सोशिक! मी तशी नाही आणि या वयात तशी होण्याची आशाही नाही.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटाशी एक पोकळ ढोल आहे, त्यात शाई भरतात आणि बाजूला एक दांडा आहे. मेण लावलेल्या पातळ कागदाला स्टेन्सिल म्हणतात. त्यावर लोखंडी टोकाच्या लेखणीनं लिहायचं. जिथं मेण खरवडलं जातं तिथून शाई पाझरते. स्टेन्सिल ढोलावर चढवून दांडा फिरवला की कोरा कागद एका बाजूनं आत जातो आणि दुसऱ्या बाजूनं धडा होऊन बाहेर येतो. पोरं तोंडात बोट घालून बघत राहायची.

आधी मी आदिलाबादच्या एका कचेरीत होते. तिथं माझ्यातून नुसती परिपत्रकं निघत, आणि ती वाचून कुणाचा चेहरा खुललेला मी पाहिला नाही. १९८२ साली नवी मशीन आली आणि मला हर्रासात, म्हणजे लिलावात, काढलं. तिथून मला चंपत सरांनी घरी आणलं.

चंपत सर बोथजवळच्या एका गावात मराठी शाळेवर शिक्षक होते. त्यांचे वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले आणि सर शिकले, म्हणून शिक्षणाची त्यांना फार किंमत. राज्य आंध्राचं, कचेरीत तेलुगू, पण आमच्या पोरांचे पेपर मराठीत. मराठी पुस्तकं मात्र यायची कधी पोळा उलटल्यावर, कधी दिवाळीनंतर. वाटेत ती कुठं रमायची कोण जाणे. सर वाट पाहत बसणारे नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते धडे स्टेन्सिलवर लिहून काढायचे आणि मी छापायची. मग आजूबाजूच्या गावांचे शिक्षक सायकलवर येऊन गठ्ठे न्यायचे, तेही फुकट.

सरांच्या पत्नी रुक्माबाई कागदांच्या ढिगाकडे बघून म्हणायच्या, "सारं फुकटच वाटून राह्यले तुमी. उद्या मले बी वाटून टाका."

"तुले कोनी नेनार नायी, भेऊ नोको," सर म्हणायचे, आणि दोघंही हसायचे.

सरांची एक रीत होती. पानाच्या तळाशी ते लिहायचे, 'चूक दिसली तर सांगावी.' एकदा खुशाल नावाचा मुलगा गणितातली चूक सांगायला दुसऱ्या गावाहून उन्हातान्हात चालत आला. सरांनी त्याला गूळ-शेंगदाणे दिले, स्टेन्सिलवर लाल औषध लावून चूक बुजवली आणि वर नवा आकडा कोरला. नव्या पानांच्या तळाशी छापलं, 'दुरुस्ती: खुशाल.' झालं! गावोगावची पोरं आपलं नाव छापून यावं म्हणून चुका शोधू लागली, आणि चुका शोधता शोधता सगळे धडे वाचू लागली.

आता मनकर्णाबद्दल सांगते. ती सरांची एकुलती एक मुलगी. आजीचं नाव मिळालेलं, घरात मनू. माझा दांडा तीच फिरवायची, माझ्या सांध्यांत तेल तीच सोडायची. तिच्या फ्रॉकवर माझी शाई, तिच्या वहीवर माझी शाई. ती माझीच आहे असं मी धरून चालले होते, आणि इथंच माझा घात झाला.

मनू वरंगलला इंजिनिअर झाली आणि हैदराबादला एका कंपनीत लागली. सगळं गाव म्हणू लागलं, "चंपत सरची पोरगी कॉम्प्युटरमध्ये आहे." रुक्माबाई तर दळणाला गेल्या तरी कॉम्प्युटरचं नाव काढायच्या. मी तेव्हा ती वस्तू पाहिलीही नव्हती, पण तिचं नाव ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं. मनू सुट्टीत यायची, मला एक थाप मारायची आणि बापाजवळ बसून त्या वस्तूचंच कौतुक सांगायची. थापेनं काय होतं? थाप तर लोक बैलालाही मारतात.

एका दिवाळीत तिनं भलतीच बातमी आणली.

"बाबा, लिनक्स म्हनून एक नवीन गोष्ट निघाली आहे. कॉम्प्युटर ज्याच्यावर चालते ना, तो मूळ प्रोग्रॅमच लोकांनी मिळून लिहिला. कोनी बी फुकट घ्या, उघडून पाहा, चूक दिसली त सुधरवा आन् सुधरलेलं साऱ्यायले वाटा."

"असं होते?" सर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते.

नवीन गोष्ट! मित्रांनो, तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात. मला तळपाय नाहीत, पण टेबलाच्या चारही पायांतून ती आग वर चढली. फुकट वाटणं, चुका सुधारून घेणं, सुधारलेलं पुन्हा वाटणं, हे या मनूनं लहानपणापासून कुणाच्या दांड्याशी उभं राहून केलं? पण पिकतं तिथं विकत नाही. तीच गोष्ट परदेशाहून सीडीच्या चकचकीत चकतीवर आली तेव्हा अपूर्वाई झाली.

पुढं तर मनू त्यात बुडूनच गेली. कंपनीत तिला जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायचं काम होतं, कारण दोन हजार साल उजाडलं की ते तारखा चुकवतील अशी सगळ्यांना भीती होती. ते करून रविवारी ती लिनक्सवाल्या मित्रमैत्रिणींत जायची. एकमेकांना चकत्या उतरवून द्यायच्या, अडलेल्याला मदत करायची, आणि कधी न पाहिलेल्या माणसांशी कॉम्प्युटरवरून पत्रव्यवहार. तिनं सुधारलेला एक प्रोग्रॅम त्या लोकांनी स्वीकारला आणि मदत करणाऱ्यांत तिचं नाव घातलं. सरांनी ते नाव तिच्याकडून तीन-तीनदा वाचून घेतलं. मी शेकडो पोरांची नावं छापली, मित्रांनो. माझं नाव एकदाही कुठं छापलं गेलं नाही.

मग सरांचे डोळे गेले. पूर्ण गेले नाहीत, पण नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याची नस सुकत चालली आहे, उरलंय ते औषधानं सांभाळा. स्टेन्सिलवरचा ओरखडा धडधाकट माणसालाही जेमतेम दिसतो. सरांच्या ओळी एकमेकींवर चढू लागल्या. त्यांनी लिहिलेला शेवटचा धडा वर्गात पोरांना वाचता येईना. पोरं अडखळत होती आणि सर ऐकत होते. घरी येऊन त्यांनी माझ्यावर एक फडकं टाकलं. पुढच्या उन्हाळ्यात शिक्षक सायकलवर आले, चहा प्यायले आणि रिकाम्या कॅरियरनं परत गेले. सर त्या दिवशी जेवले नाहीत.

१९९८च्या उन्हाळ्यात मनू आली ती भाड्याच्या जीपमध्ये कॉम्प्युटरची एक पेटी, एक पडदा आणि एक प्रिंटर घेऊन. आता पाहा अन्याय. त्या पेटीला माझं टेबल दिलं! मला जमिनीवर, ज्वारीच्या कोठीशेजारी बसवलं. तिच्यावर रुक्माबाईंनी ठेवणीतली चादर पांघरली. तिला धूळ चालायची नाही, तिला कमी-जास्त वीज सोसायची नाही, तिच्याजवळ कुणी पाणी प्यायचं नाही. अशा नाजूक सवतीशी माझी गाठ पडली.

मनूनं एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्यातून प्रिंटरवर मराठी अक्षरं उमटायची, हवी तेवढी मोठी.

"आधी वरच्या मात्रा कापल्या जायच्या," ती सरांना सांगत होती. "मी तो प्रोग्रॅम लिनक्सवाल्यांत ठेवला. फिनलंडच्या एका मानसानं चूक काढून पाठवली."

"त्याले मराठी येते?"

"नायी."

"त्यानं आपली शाळा पाह्यली?"

"कुठून पाहीन, बाबा?"

"मंग त्यानं काऊन केलं?"

"चूक दिसली म्हनून."

सर म्हणाले, "चांगला मानूस आहे."

पण प्रिंटर एक पान काढायला इतका वेळ किंचाळायचा की रुक्माबाई कानांवर हात ठेवायच्या. मनूची आठवड्याची रजा, सात गावांची पोरं, आणि त्याची शाईची फीत दुसऱ्याच दिवशी फिकी पडली. नव्याचे नऊ दिवसही भरले नाहीत! धडे थांबले तर थांबू देत, पण हिच्या हातून नकोत, असं मी मनात म्हटलं. खरं तेच सांगते.

तेव्हा मनूनं एक भलतंच केलं. तिनं प्रिंटरची फीत काढून टाकली आणि त्यात कागदाऐवजी स्टेन्सिल घातला. प्रिंटरच्या ज्या सुया फितीवर टोचून अक्षर उमटवायच्या, त्या आता मेणाला भोकं पाडत गेल्या. अक्षरं कोरली गेली. मग तिनं माझ्यावरचं फडकं काढलं, मला तेल दिलं, शाई दिली आणि तो स्टेन्सिल माझ्या ढोलावर चढवला. म्हणजे सवतीची अक्षरं आता माझ्या अंगावर! मी दांड्याला अडून बसले असते, पण तेल चांगलं होतं.

चार-दोन फेऱ्या झाल्या आणि स्टेन्सिल फाटला. मराठी अक्षरांच्या डोक्यावरची रेघ सुयांनी सलग कापली होती. त्या रेघेवरून ओळच्या ओळ उसवली आणि भसकन शाई आली, ती सरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

मनू मटकन खाली बसली. "नायी होत, बाबा. परवा मले जा लागते. यंदा बी धडे नायी निघत."

सरांनी फाटका स्टेन्सिल हातात घेतला. बोटांची टोकं त्यावरून सावकाश फिरवली.

"रेघ सलग काऊन काढली? मी त अक्षरागनिक हात उचलत होतो," ते म्हणाले. "मधात मेन राहू दे ना थोडंसं. मेनच त धरून ठेवते."

मनूनं बापाकडे पाहिलं आणि उठून पेटीपुढं बसली. दुपारभर तिची बोटं चालली. रेघेत जागोजागी बारीक खंड पडला. दुसरा स्टेन्सिल माझ्यावर चढला तेव्हा सर म्हणाले, "सरक, दांडा मी फिरवतो." मी वाट पाहत होते, आता फाटेल, मग फाटेल. तो काही फाटला नाही. पानामागून पान पडत गेलं.

सरांनी एक पान उचललं आणि अंगणात उन्हात गेले. कागद नाकाशी नेला. मला वाटलं, शाईचा वास घेत असतील. पण ते वाचत होते. अडखळत, एकेक अक्षर जोडत, मोठ्यानं.

"आपल्या... जिल्ह्याच्या... उत्तरेला... गोदावरी..." ते थांबले. पुन्हा कागद डोळ्यांशी नेला. "मनू! गोदावरी दक्षिनेले आहे ना वो! चूक आहे! मले दिसली!"

रुक्माबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मनू रडत होती आणि हसत होती. सर म्हणाले, "आन् ते रेघेचं बी त्या फिनलंडवाल्याले कळव. त्याच्या कामी येईन."

माझा मत्सर त्या दिवशी निवला, असं तुम्हाला वाटलं असेल. छे! उलट वाढला. कारण मी त्यांची इतकी वर्षं पानं काढली, पण ज्या मोठ्या अक्षरांनी त्यांना पुन्हा वाचता आलं, ती माझी नव्हती. ती सवतीची होती. मला कितीही वाटलं असतं तरी माझ्याकडे ती नव्हतीच.

जूनमध्ये गठ्ठे गावोगाव गेले. पोरं एकमेकांना दाखवत म्हणाली, "पाह्य, कॉम्प्युटरवर छापलं!" कोठीशेजारी बसून मी हे ऐकलं आणि माझा ढोल नुसता तापला. राबावं एकीनं आणि मिरवावं दुसरीनं!

तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती कोरते आणि मी छापते. आम्ही एकमेकींशी बोलत नाही. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरात नवीन वस्तू जरूर आणा, तिला चादरही पांघरा. पण जुनीला कोठीशेजारी नुसती फडक्याखाली ठेवू नका. तिला तेल द्या, काम द्या आणि खुशाल जळू द्या. फडक्याखाली होते त्या वर्षी मला कुणाचाच हेवा वाटला नव्हता. त्याहून वाईट वर्ष मी पाहिलेलं नाही.